शंकांचा क्रम

आमच्या नियतकालिकात एक शोधनिबंध तपासायला दोन परीक्षक लागायचे, आणि ते दोन मिळवायला सरासरी एकेचाळीस पत्रं पाठवावी लागायची. हा २०३५ सालचा आकडा आहे आणि तो मी स्वतः काढलेला आहे. एकेचाळीसपैकी तेवीस जण उत्तरच द्यायचे नाहीत. अकरा जण ‘सध्या फार कामात आहे’ असं कळवायचे. त्यांतले चौघं त्याच आठवड्यात स्वतःचा निबंध आमच्याकडे पाठवायचे. तिघांचं निधन झालेलं असायचं. खरं सांगायचं तर उत्तराच्या बाबतीत तेच सगळ्यांत वक्तशीर, कारण घरचे लोक उलटटपाली कळवतात. दोघं हो म्हणायचे आणि गायब व्हायचे. उरले दोन. त्या दोघांच्या जिवावर मध्य भारतातलं मृदा आणि जलविज्ञान उभं होतं.

मी गावंडे. ‘मध्य भारत मृदा-जल परिषद’ नागपुरातून हे त्रैमासिक काढते आणि तिच्या कार्यालयात मला एकवीस वर्षं झाली. निबंध आला की मी त्यावरचं लेखकाचं नाव काढतो आणि तो परीक्षकाकडे पाठवतो. मत आलं की परीक्षकाचं नाव काढतो आणि लेखकाकडे पाठवतो. लेखकाला मत कुणाचं ते कळत नाही, परीक्षकाला निबंध कुणाचा ते कळत नाही. दोन्ही कळतं ते एकट्या मला, आणि मला विज्ञान कळत नाही. व्यवस्था चांगली आहे.

विज्ञान कळत नसलं तरी माणसं कळतात. कोण ‘निबंध उत्तम, मात्र खालील पाच संदर्भ जोडावेत’ म्हणून स्वतःचेच पाच निबंध सुचवतो, कोण पहिलं पान वाचून सोडून देतो, कोण दिवाळीनंतर खुशीत असतो, हे मी सांगू शकतो. सगळ्यांत मोठा परीक्षक म्हणजे डॉ. मधुकर खोलकुटे. त्यांच्या नावावर चारशे बारा मतं. बाराव्या दिवशी मत हजर. तीन पानं, मुद्द्यांना क्रमांक, तक्त्यातल्या बेरजासुद्धा पुन्हा करून पाहिलेल्या. नाव छापलेलं नसलं तरी अकोल्यापासून रायपूरपर्यंत लेखक त्यांना ओळखायचे आणि घाबरायचे.

आता हेही सांगितलं पाहिजे की मोठ्या माणसाकडे पाठवलेला निबंध मोठा माणूस वाचतोच असं नाही. त्याच्या हाताखालचा पीएच.डी.चा विद्यार्थी वाचतो, मत लिहितो आणि मोठा माणूस आपल्या नावानं पाठवतो. नियमात ते बसत नाही. पण यात कोणाला काही वावगं वाटत नाही. गाईड म्हणतो, ‘पोरं शिकतात.’ पोरं शिकतातही.

खोलकुटे सरांची २०२३ च्या ऑगस्टपर्यंतची मतं चार ओळींची असायची, दोन महिने उशिरा यायची आणि बहुतेकदा ‘प्रयत्न स्तुत्य आहे’ इथून सुरू व्हायची. ऑगस्टनंतर तीन पानं सुरू झाली. आणि पहिला प्रश्न प्रत्येक वेळी एकच: ‘नमुना कोणत्या महिन्यात घेतला?’ त्याच ऑगस्टात प्रणिता झाडे नावाची मुलगी सरांकडे पीएच.डी.ला लागली होती. कधी कधी सरांचं एखादं पत्र द्यायला ती आमच्याकडे यायची. एकदा माझ्या टेबलावरच्या हजेरीच्या तक्त्याकडे उभ्या उभ्या बघून म्हणाली, “गावंडेजी, मार्चची बेरीज चुकली तुमची.” मी तेव्हाच ओळखलं. बोललो नाही. बोलायला मला कोणी विचारलं नव्हतं.

२०२८ ला तिला पदवी मिळाली आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या पार टोकाच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायला गेली. तीन पानं मात्र येतच राहिली, २०३४ पर्यंत. सर तिकडे फाईल पाठवत, ‘जरा बघून दे.’ अकरा वर्षांत दोनशे त्रेसष्ट मतं. त्यांतली दोनशे चौदा ‘नाकारावा’ अशी.

एकेचाळीस पत्रांचा तो आकडा मी परिषदेच्या बैठकीत ठेवला आणि त्यातून जुळे आले. अधिकृत नाव ‘प्रतिपरीक्षक’. पण कार्यालयात सगळे जुळाच म्हणतात.

एखाद्याची भाषा नकलणं यंत्रांना कधीचंच जमलं होतं. जुळ्याची गोष्ट वेगळी. निबंध वाचताना प्रत्येक जाणत्या माणसाची नजर ठरावीक जागी अडते. कोणी आधी नमुन्यांची संख्या बघतो, कोणी उपकरण बघतो, कोणी थेट शेवटच्या पानावर जाऊन संदर्भांत आपलं नाव आहे का ते बघतो. पहिली शंका इथं आली की दुसरी कुठं जाणार, दुसरीचं समाधान झालं तर तिसरी उठणार की मिटणार, ही प्रत्येकाची वाट ठरलेली असते आणि त्याची त्यालाही ती माहीत नसते. जुना निबंध आणि त्यावरचं जुनं मत, अशा शे-दोनशे जोड्या मिळाल्या की यंत्र ती वाट आखून काढतं. नवा निबंध मग त्या वाटेनं चालवायचा. शब्द बदलता येतात, चिडणं लपवता येतं. शंकांचा क्रम लपवता येत नाही.

पहिला जुळा खोलकुटे सरांचा करायचा हे ठरलेलंच होतं. यंत्र बसवायला पेंडके नावाचा इंजिनिअर आला. तीन दिवस माझ्यासमोर बसून तो सरांची मतं यंत्राला भरवत होता.

“काका, हे साहेब भारी आहेत,” तो म्हणाला. “साठीपर्यंत चार ओळी, आणि साठीनंतर एकदम तीन पानं. बाकीच्यांचा आलेख वयाबरोबर उतरतो, यांचा चढून राहिला. काय झालं होतं त्या साली?”

“मोतीबिंदू काढला होता,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. खरंच काढला होता.

“मग आधीची एकशे एकोणपन्नास मी बाजूला ठेवतो. ती घेतली की यंत्र गोंधळते. नंतरची कशी एका हातची वाटतात.”

“एका हातचीच आहेत,” मी म्हणालो.

त्यानं एक कळ दाबली आणि खोलकुटे सरांच्या जुळ्यातून खोलकुटे सर निघून गेले. मला ते दिसलं, आणि मी चहा सांगितला.

नंतरच्यांपैकीच यंत्राला न दाखवलेल्या पन्नास निबंधांवर जुळ्याची परीक्षा घेतली. सत्तेचाळीस ठिकाणी त्यानं जुन्या मताशी जुळणारं मत दिलं, शंकाही त्याच क्रमानं काढल्या. २०३६ च्या जानेवारीत समारंभ झाला. सरांना शाल दिली. सर म्हणाले, “मी असो-नसो, माझी नजर इथं बसलेली राहील.” टाळ्या पडल्या. पहिल्या सव्वा वर्षात जुळ्यानं एकोणीसशे निबंध तपासले, प्रत्येकी चार मिनिटांत. यंत्राला कुणाच्या वैराची भीती नाही, म्हणून त्याचं मत नावानिशी जायचं: ‘प्रतिपरीक्षक, डॉ. म. खोलकुटे’.

लेखकाला एकच सोय ठेवली होती. नियम सात. जुळ्याचं मत पटलं नाही तर तीस दिवसांत एकदा अपील. मग मूळ परीक्षकानं, म्हणजे हाडामांसाच्या माणसानं, निबंध स्वतः वाचून मत लिहायचं आणि ते अंतिम. दुसऱ्या एका नियतकालिकात अशी मतं विकली गेल्याचा बोभाटा झाला होता, म्हणून आम्ही एक पडताळणीही जोडली. अपिलात आलेलं मत खरंच त्या माणसाचं आहे का, हे जुळा तपासणार. नियम मीच टाइप केला. फार विचारपूर्वक केलेला वाटला होता.

२०३७ च्या एप्रिलात प्रणिताचा निबंध आला. नाव काढलं, जुळ्यासमोर ठेवला, चौथ्या मिनिटाला मत आलं. नाकारावा.

आठ दिवसांनी दुपारी ती कार्यालयात आली. अडतीस वर्षांची झाली होती. उन्हातून दोन बस बदलून आलेली. बसली नाही. पत्र टेबलावर ठेवलं.

“गावंडेजी, हे वाचलं तुम्ही?”

“मी वाचत नाही. पाठवतो.”

“मग ऐका. ‘मुद्दा एक. नमुना कोणत्या महिन्यात घेतला याचा उल्लेख तक्त्यात नाही, केवळ मजकुरात आहे. मुद्दा दोन. तक्ता चारमधील बेरीज व टक्केवारी यांत अर्ध्या टक्क्याचा फरक आहे. मुद्दा तीन. एकाच तालुक्यातील निरीक्षणांवरून काढलेला निष्कर्ष लेखकाच्या उत्साहाचा निदर्शक आहे, विज्ञानाचा नाही.’” तिनं मान वर केली. “उत्साहाचा निदर्शक. हे वाक्य मी २०२६ साली जुळवलं होतं. सर दोन दिवस खूश होते त्याच्यावर. चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकवत होते, आपलं म्हणून.”

मी पाणी पुढे केलं. “काय आहे निबंधात?”

ते तिनं मला समजेल असं सांगितलं. तिच्या तालुक्यात जुन्या जमीनदारांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. त्यांचं पाणी झिरपून आसपासच्या विहिरींत येतं. तिथल्या खडकात फ्लोराईड आहे, पण झिरपलेल्या पाण्यानं ते पातळ होतं, त्यामुळं विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहतं. चार वर्षांपूर्वी एका योजनेत तलावांच्या तळाला प्लास्टिकचं अस्तर घातलं, पाणी वाया जाऊ नये म्हणून. तलाव उन्हाळ्यातही भरलेले दिसायला लागले. फोटो छान आले. विहिरींतलं फ्लोराईड मात्र लिटरला एक मिलिग्रॅमच्या आतून सव्वादोनवर गेलं, आणि दीडच्या पुढं गेलं की आधी दात जातात, मग गुडघे. अडतीस विहिरी, दोन वर्षं, दर महिन्याला. अस्तर न घातलेल्या तलावाजवळच्या विहिरी मात्र सातच. दुसऱ्या मिळाल्या नाहीत.

“आणि अठरा जूनला मुलाखत आहे,” ती म्हणाली. “कायम जागा. नऊ वर्षांत पहिल्यांदा निघाली. निबंध स्वीकारल्याचं पत्र नसेल तर आतच घेत नाहीत. दुसरीकडे पाठवायला आता वेळ नाही.”

“अपील कर.”

“अपील सरांकडे जाईल.”

“हो.”

“सरांनी शेवटचा निबंध कधी वाचला असेल, गावंडेजी?”

“मोतीबिंदूच्या आधी,” मी म्हणालो.

ती हसली, पण लगेच थांबली. “अन् मी तरी काहून अशी लिहायची? मला सगळेच निबंध इतके वाईट वाटायचे असं नाही. पहिल्या वर्षी एकाला ‘घ्यावा’ लिहिलं तर सरांनी कागद परत फेकला. म्हणाले, ‘लहान गावच्या लोकांवर दया करशील तर माझं नाव जाईल. दहात दोन, त्याच्यावर नाही.’ मग मी दहांतले आठ पाडायला शिकले. ते सरांचं मत नव्हतं अन् माझंही नव्हतं. सर काय म्हणतील याच्या भीतीनं लिहिलेलं होतं ते. तेच तुम्ही यंत्रात बसवलं.”

मी अपिलाचा अर्ज काढून दिला. त्याहून जास्त मला काही करता येण्यासारखं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

अपिलाची फाईल मूळ परीक्षकाला हातोहात द्यायची असते. मी निघालो तर ती म्हणाली, “मी पण येते. लेखकानं येऊ नये असं नियमात नाही. मी वाचला.” खरंच नव्हतं. तेवढं टाइप करायचं राहून गेलं होतं.

सर लक्ष्मीनगरला राहतात. व्हरांड्यात बसले होते. वय चौऱ्याहत्तर, प्रकृती ठणठणीत. काकूंनी चिवडा आणला. सरांनी प्रणिताला जवळ बसवून घेतलं, आईची चौकशी केली, नोकरीची केली. माणूस वाईट नाही. फाईल उघडून त्यांनी वरचं पान बघितलं, आणि मग जे केलं ते इतक्या सहज केलं की मला क्षणभर कळलंच नाही. त्यांनी फाईल मिटली आणि प्रणिताच्या हातात दिली.

“जरा बघून दे,” ते म्हणाले. “बारा तारखेपर्यंत दिलीस तरी चालेल.”

काकू चिवड्याची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

“सर, हा माझा निबंध आहे,” प्रणिता म्हणाली.

“हो ना? मग तर बरंच आहे. तुला माहितीच असेल सगळं. लिही, मी सही करतो.”

“नाही सर. हा तुम्ही वाचा.”

“अगं, माझी मतं तूच लिहून काढायचीस की.”

“लिहून काढायची म्हणजे? तुम्ही मला काही सांगायचे, आणि मी ते लिहायची, असं?”

“सांगावं कशाला लागतं? तुला कळायचं.” सर मनापासून बोलत होते. अकरा वर्षांत एकदाही त्यांना ती मतं आपली नाहीत असं वाटलेलं नव्हतं. “प्रणिता, मत माझंच असायचं. हात तुझा असायचा.”

“मग आता तुमचा हात लावा,” ती म्हणाली. “एवढा एक.”

काकू म्हणाल्या, “वाचा ना. दिवसभर काय करता?”

सरांचा चेहरा लाल झाला. फाईल त्यांनी परत घेतली. मी पोचपावती सांभाळून ठेवली.

नंतर काकूंनी सांगितलं, की सर चार दिवस त्या निबंधाला चिकटून होते. जुनी पुस्तकं काढली, नकाशा पसरला, एका मित्राला फोन करून फ्लोराईडचं काहीतरी विचारलं. पाचव्या दिवशी हातानं लिहिलेलं एक पान माझ्याकडे आलं. ते मी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

‘प्रयत्न स्तुत्य आहे. विहिरी अडतीसच आहेत हे खरे. त्यांतील सात तुलनेस अपुऱ्या आहेत हेही खरे. परंतु आकडे पाहता हे पाणी लेखिकेने दर महिन्याला स्वतः चालत जाऊन आणलेले आहे, आणि असे पाणी खोटे बोलत नाही. अस्तराचे काम थांबवून अधिक मोजणी व्हावी, एवढा आधार यात निश्चित आहे. घ्यावा.’

मी ते यंत्रात भरलं. जुळ्यानं पडताळणी केली.

‘हे मत डॉ. म. खोलकुटे यांचे असण्याची शक्यता: चार टक्के. शंकांचा क्रम विसंगत. मूळ परीक्षकावर दबाव अथवा तोतयेगिरी संभवते. चौकशी करावी.’

जूनच्या नऊ तारखेला सकाळी अकराला चौकशी ठेवली. अध्यक्ष डॉ. शैलजा उमाळकर, परिषदेचे दोन सदस्य, यंत्राच्या बाजूनं पेंडके, कागदांच्या बाजूनं मी. समोर सर आणि प्रणिता. उमाळकर मॅडम निवृत्तीपर्यंत विद्यापीठाच्या परीक्षा सांभाळायच्या. कॉपी पकडण्यात त्यांची हयात गेली.

“खोलकुटे सर, आपल्याला त्रास दिला, माफ करा,” त्या म्हणाल्या. “साधा प्रश्न आहे. हे पान आपण लिहिलंत का?”

अक्षर सरांचं होतं. सही सरांची होती. नुसतं हो म्हणायचं होतं. पण मॅडमनी पुढं सगळं नीट समजावून सांगितलं, तिथं घात झाला.

“म्हणजे कसं आहे सर, आपण हो म्हणालात तर मग जुळा आपला नाही, असं होतं. मग ती दोनशे त्रेसष्ट मतं कुणाची, हे बघावं लागेल. जुळ्यानं तपासलेले एकोणीसशे निबंध परत उघडावे लागतील. आणि परिषदेनं आपल्या नावानं जो पुरस्कार जाहीर केलाय, त्याचंही मग...”

सरांनी पानाकडे बघितलं. चार दिवस बसून लिहिलेलं, चौदा वर्षांत स्वतःच्या हातानं लिहिलेलं एकुलतं एक मत.

“माझं नाही,” सर म्हणाले. “म्हणजे सही माझी आहे. पण ही घरी आली होती. आग्रह केला. मजकूर माझा म्हणता येणार नाही.”

प्रणिता त्यांच्याकडे बघत राहिली. सर टेबलाकडे बघत राहिले.

“गावंडे,” मॅडम माझ्याकडे वळल्या, “फाईल तुम्ही नेली होती. सरांची मतं कोण लिहितं, याबद्दल तुम्हाला काही माहीत आहे?”

मला ऑगस्ट २०२३ माहीत होता. मोतीबिंदू माहीत होता. पेंडके माझ्याकडेच बघत होता, आणि त्याला आता तो चढणारा आलेख आठवला असावा. माझ्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं.

“मला फाईली माहीत आहेत, मॅडम,” मी म्हणालो. “माणसांचं मला काय कळणार?”

“मग झाडे मॅडम, हे प्रकरण तोतयेगिरीचं होतं. पाच वर्षं आपल्याला कुठंच लिहिता येणार नाही. आपलं काही म्हणणं?”

प्रणिता उभी राहिली. “मॅडम, ते पान सरांनीच लिहिलंय. जुळा सरांचा नाही. माझा आहे. ती दोनशे त्रेसष्ट मतं मी लिहिली.”

“कशावरून?”

“मला एक निबंध द्या. इथंच मत लिहिते. यंत्राला विचारा कुणाचं ते.”

सदस्यांत कुजबुज झाली. कल्पना पेंडकेला आवडली. पण निबंध कुठला द्यायचा? कार्यालयात शेकडो पडलेले होते, आणि सगळे गोपनीय. परीक्षक नसलेल्या माणसाला त्यांतला एकही दाखवता येत नव्हता. नियमानं तिला वाचता येईल असा त्या खोलीत एकच निबंध होता.

“आपलाच घ्या,” उमाळकर मॅडम म्हणाल्या.

तिनं खुर्ची ओढली. अर्धा तास लागला. तिचं लिहिणं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आधी कागद बोटानं वरून खाली नेला, मग तक्ता चारशी थांबली, ओठ हलवत बेरीज केली, मग मागचं पान. स्वतःचाच निबंध ती असा वाचत होती की जणू तो तिनं कधी बघितलेला नाही. नंतर टाइप करायला लागली आणि थांबली नाही.

‘मुद्दा एक. महिन्यांचा तपशील तक्त्यात हवा. मुद्दा दोन. तक्ता चारमध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक. लेखकाने स्वतःची बेरीज पडताळलेली दिसत नाही. मुद्दा तीन. तुलनेसाठी केवळ सात विहिरी. या सातांवर एका शासकीय योजनेला दोष देणे हे शास्त्र नसून तक्रार आहे. नाकारावा.’

पेंडकेनं मजकूर भरला. पडद्यावर आकडा यायला नेहमीसारखा थोडा वेळ लागला.

‘हे मत डॉ. म. खोलकुटे यांचे असण्याची शक्यता: सत्त्याण्णव टक्के.’

सरांनी चष्मा काढून पुसला. मग उमाळकर मॅडमनी शेजारच्या सदस्यांशी दबक्या आवाजात बोलून घेतलं. त्या काही दुष्ट बाई नव्हेत. कागदावर जे आहे त्याच्यापलीकडे न जाण्याची त्यांना सवय होती, इतकंच.

“झाडे मॅडम, तोतयेगिरीचा आरोप मी काढून टाकते,” त्या म्हणाल्या. “विद्यार्थिदशेतलं काम होतं, मार्गदर्शनाखाली झालं, असं नोंदवू. सरांचं नाव तसंच राहील. जुळाही राहील. काम तो चांगलं करतो, कुणाचा का असेना.”

“आणि माझं अपील?”

“तेही निकाली निघालं. नियम सात. मूळ परीक्षकाचं मत अंतिम. मूळ परीक्षक आपण, हे आता आपणच सिद्ध केलंत.” त्यांनी छापलेला कागद सरळ केला. “आणि आपलं मत हे आहे. नाकारावा.”

“मॅडम, ते मी कोण आहे हे दाखवायला लिहिलं.”

“मत कशासाठी लिहिलं याचा रकाना नसतो.”

“मग दुसरं लिहिते.”

“एका अपिलाला एक मत.”

सर तिच्याकडे वाकले आणि खाजगीत सांगावं तसं म्हणाले, “प्रणिता, थोडं सौम्य लिहायचं होतंस.”

बैठक साडेबाराला संपली. तिची परतीची बस दोनला होती, म्हणून पत्र हातीच द्या म्हणाली. मी ते टाइप करायला बसलो. टाइप करता करता न राहवून विचारलं, “‘घ्यावा’ लिहून पाहायचं होतं. काय बिघडलं असतं?”

“चार टक्के आले असते,” ती म्हणाली. “मग मी तोतया ठरले असते. लहान गावच्या निबंधाला ‘घ्यावा’ लिहिणारी मी यंत्रात नाही, गावंडेजी. मला कोणी कधी लिहू दिलं नाही.”

“मुलाखतीचं?”

“आत घेणार नाहीत.” तिनं खिडकीबाहेर बघितलं. “पुढच्या महिन्यात अजून सेहेचाळीस तलावांना अस्तर घालून राहिले. योजनेच्या साहेबांना निबंध दाखवायला गेले तर ते म्हणाले, छापून आणा.”

मी पत्र छापलं. अपील बंद करायचा एक नमुना असतो, तोही भरून पुढं ठेवला. खाली दोन ओळी: ‘मूळ परीक्षकाची सही’ आणि ‘लेखकाची पोच’. त्या दोन वेगळ्या माणसांच्या आहेत असं धरूनच मी तो नमुना आखला होता.

तिनं मजकूर वरून खाली बोट नेत वाचला. तारीख तपासली. मग माझा पेन घेतला आणि दोन्ही ओळींवर सही केली. दोन सह्या एकमेकींशी जुळतात का, ते एकदा नीट बघितलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला.